नवमीची भरड

भाजलेल्या रागीचा वास आला की मला दसरा आठवतो. म्हैसूरच्या माणसानं असं म्हणणं जरा विचित्रच. इथं दसरा आठवायला हत्ती आहेत, राजवाड्यावरचे दिवे आहेत, रस्त्यारस्त्यात न मावणारी माणसं आहेत. माझं माहेर तर बन्नीमंटपाच्या मागल्या अंगाला, म्हणजे मशालींची कवायत बघायला अख्ख्या गोतावळ्यानं उतरायचं हक्काचं ठिकाण. पण माझ्या नाकात बसलाय तो लोखंडी तव्यावर तडतडणाऱ्या रागीचा वास आणि त्याच्या पाठोपाठ येणारा एक आंबट वास. तो आंबट वास आठवला की साठी उलटल्यावरही मला चोरी पकडली गेल्यासारखं वाटतं. वाटायचं, असं आता म्हणायला हवं. यंदापासून वाटत नाही.

रागी म्हणजे तुमची नाचणी. आमच्या घरात तिला नाचणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. कोण्या काळी फौजेबरोबर आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. फौज संपली, राज्यं संपली. आमच्याकडे एक तलवार उरली आणि मराठी उरली, तीही कन्नडात चांगली मुरलेली. बाकी आम्ही रागीचे मुद्दे, म्हणजे पिठाचे शिजवलेले गोळे, खाणारी माणसं, आणि आमच्या कोंबड्याही रागीवरच वाढलेल्या.

यंदा असं झालं की माझ्या भावाच्या नातीनं, निशानं, गच्चीवर चार कोंबड्या आणल्या. मुलगी कॉलेजात जाते. तिची मराठी देवापुढे हात जोडण्यापुरती, बाकी सगळा कारभार कन्नडात आणि इंग्रजीत. मी दरसालप्रमाणे घटस्थापनेला माहेरी गेले, तर ही बाई कोंबड्यांच्या विकतच्या खाद्याची पिशवी माझ्या नाकाशी धरून उभी.

"आत्याअज्जी, वास बघ ना. केमिकल केमिकल येतंय, अल्वा? मी फोनवर पाहिलंय, घरीच मिक्स करता येतं. अज्जीला सगळं गोत्तु आहे म्हणे, पण ती सांगतच नाही."

अज्जी म्हणजे माझी वहिनी. अण्णा, माझा भाऊ, चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मागे वहिनीनं घर तसंच नीट ठेवलंय. ती दाराशी बसून वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "मी विसरले."

ही शुद्ध थाप होती. कालवण्याची विद्या डोक्यात राहत नाही, तळहातात राहते, आणि तळहात विसरत नाहीत. मला कोंबड्यांचं खाणं कालवायला शिकवलं ते ह्याच बाईनं, मी तेरा वर्षांची असताना. निशाच्या फोनात सगळं टक्क्यांत मांडलेलं होतं. वहिनीचं माप निराळं. शेराच्या मापानं रागीची भरड दोन, तांदळाची कणी एक, कोंडा एक आणि वर मूठभर. शेंगदाण्याची पेंड करवंटीनं मोजायची. सुक्या बारीक मासळीची पूड, तव्यावर शेकून चुरलेली अंड्यांची टरफलं, मिठाची चिमूट, आणि पावसाळी हवा असली तर ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या. हे सगळं घमेल्यात घ्यायचं, मधोमध आळं करून गुळाचं पाणी ओतायचं आणि बोटं पसरून खालून वर, खालून वर करत राहायचं. मुठीत दाबलं तर लाडू व्हावा आणि बोटानं टोचलं तर भुगा. लाडू टोचूनही तसाच राहिला तर पाणी जास्त झालं, झालाच नाही तर कमी पडलं. एवढीच परीक्षा, पण मला ती पास व्हायला महिना लागला होता.

तो वास अजून माझ्या हातांना आहे असं कधी कधी वाटतं. गूळ, मासळी आणि पेंड यांचा एकत्र वास काही चांगला नसतो. माझ्या मैत्रिणी शाळेत माझ्यापासून वीतभर लांब बसायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा, कारण तो वास वहिनीच्या हातांनाही होता.

वहिनी आमच्या घरात आली ती नंजनगूडच्या गाडीनं, वैशाखात. मागून तिचा भाऊ. त्याच्या एका हातात डालगं, डालग्यात पाच कोंबड्या, आणि खांद्यावर गोणपाटात बांधलेलं जातं. आमच्या गल्लीत तेव्हा सुना येताना स्टीलची भांडी आणत, शिलाईची मशीन आणत. जातं आणि कोंबड्या घेऊन आलेली ही पहिलीच. गल्ली महिनाभर हसली. वहिनी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिची आई तिच्या लहानपणीच गेलेली. जातं त्या आईचं होतं, आणि कोंबड्या तिनं स्वतः पिलांपासून वाढवलेल्या. एवढीच तिची स्वतःची अशी दौलत होती.

माझी आई बोलायला तिखट, आणि गप्प बसली की त्याहून तिखट. जातं बघून ती एवढंच म्हणाली, "गिरणी आहे की कोपऱ्यावर." आमचं स्वतःचं जातं तिनं खुंटा मोडल्यावर केव्हाच काढून टाकलं होतं. कोंबड्यांना तर ती हातही लावत नसे. धुण्याच्या दगडावर त्यांनी घाण केली की दोन बादल्या पाणी ओतायची, तेही वहिनीला ऐकू जाईल अशा बेतानं. वहिनी खाली मान घालून "हो आत्याबाई" म्हणायची आणि खराटा घ्यायची. सासूला आत्याबाई म्हणायची आमच्यात पद्धत आहे. त्या शब्दात माया असायला हवी, पण नव्या सुनेच्या तोंडी तो नुसता भ्यालेला असतो.

मला मात्र ती 'वन्सं' म्हणायची आणि अहोजाहो करायची. तेरा वर्षांच्या, दोन वेण्या घातलेल्या, गणितात कच्च्या मुलीला आख्ख्या जगात एकच माणूस 'तुम्ही' म्हणत होतं. मी फुगून बसले नसते तरच नवल! तिच्यामागे मी दिवसभर परसात. पांढरी ढवळी सगळ्यांत म्हातारी, काळी सगळ्यांत भांडकुदळ, पिंगी अंडं घालून गाव गोळा करणारी, आणि उरलेल्या दोघी एकमेकींसारख्या दिसतात म्हणून बिननावाच्या. घमेलं खाली ठेवलं की पाचीजणी एका वेळी माना खाली घालत. टकटक असा जो आवाज येई, त्यानं मला अजून पोटभर जेवल्यासारखं वाटतं.

लग्नानंतरचा पहिला दसरा माहेरी, म्हणून सप्तमीच्या सकाळी तिचा भाऊ न्यायला आला. दशमीला अण्णा जाऊन तिला परत आणणार होता, संध्याकाळची मशालींची कवायत बघायला. निघताना वहिनीनं मला परसात नेलं.

"वन्सं, तुमच्यावर सोडून जातेय. रोजच्या रोज कालवा हं. ओलं करून ठेवू नका. कोरडं हवं तेवढं ठेवा."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. काय तो तोरा!

आता इथं आमच्या घरची रीत सांगायला हवी. नवमीला हत्यारांची पूजा सगळेच करतात. म्हैसूरला तर त्या दिवशी बसला केळीचे खुंट बांधतात, रिक्षांना हार घालतात, कारखान्यांच्या दारात कोहळे फुटतात. आप्पा, माझे वडील, बेळगोळच्या कारखान्यात होते. ते नवमीच्या दुपारी चुरमुरे आणि बर्फीचा पुडा घेऊन यायचे, सायकलच्या घंटेलाही झेंडूचं फूल असायचं. पण आमच्या घरात नियम कडक होता. अष्टमीच्या संध्याकाळी तलवारीसकट घरातली झाडून सगळी अवजारं देवापुढे बसायची. विळी, कात्री, खुरपं, खलबत्ता, शेराचं माप, घमेलं, सगळं. जे बसलं ते दशमीच्या सकाळपर्यंत उठवायचं नाही. वर्षभर राबतात बिचारी, दीड दिवस त्यांना बसू द्या, असं आई म्हणायची. भाजीसुद्धा अष्टमीलाच चिरून ठेवलेली असायची.

माझ्या डोक्यात हिशेब आला. नवमीला माप नाही, घमेलं नाही, मग कालवणार कसं? वहिनीनं त्याचंच उत्तर देऊन ठेवलं होतं, कोरडं ठेवा. पण मी शहाणी! सप्तमीच्या संध्याकाळीच तीन दिवसांचं एकदम कालवलं, गुळाचं पाणी घालून, लाडू-भुग्याची परीक्षा घेऊन, आणि पत्र्याच्या डब्यात गच्च झाकण लावून ठेवलं. तेही कुठं? न्हाणीघरात, पाणी तापवायच्या चुलीच्या शेजारी, कारण थंड हवेत आई इडलीचं पीठ तिथंच ठेवायची. अष्टमीला झाकण उघडलं तर आंबट वास. मला आनंद झाला. आमच्या घरात आंबणं म्हणजे चांगलं. पीठ आंबलं नाही तर आईचा दिवस खराब जायचा. मी म्हटलं, छान आलंय. दोन वेळा तेच घातलं, नवमीच्या सकाळी पुन्हा घातलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

नवमीची पूजा मला अजून दिसते. आप्पांनी तलवार जुन्या रेशमी कापडातून काढून चिंचेनं उजळली होती. आई पाटावरच्या एकेक वस्तूला कुंकू लावत होती. सगळं लावून झाल्यावर ती परसात गेली आणि वहिनीचं जातं एकटीनं उचलून घेऊन आली. ते तिनं तलवारीच्या उजव्या हाताला ठेवलं, मधल्या मानाच्या जागी. तिथं दरवर्षी विळी असायची. आप्पांनी तिच्याकडे बघितलं.

"सून माहेरी गेलीय," आई म्हणाली. "तिचं जातं तरी मानानं बसू दे." आणि हळदीकुंकवाची पाच बोटं तिनं वरच्या पाळीवर ओढली, वर झेंडूचं फूल ठेवलं. हे वहिनी असताना ती कधी करती ना. आमच्या आईला प्रेम करताना कोणी बघितलेलं आवडत नसे.

दुपारी पाहुणे राजवाड्याकडे गेले आणि आई धुणं वाळत घालायला परसात आली. तिनं मला हाक मारली तेव्हाच मला कळलं की काहीतरी झालंय, कारण हाकेत राग नव्हता. पाचही कोंबड्या भिंतीला टेकून बसलेल्या. पिसं फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले. गळ्याखालची पिशवी पाणी भरल्यासारखी लोंबत होती. कधी कोंबडीला न शिवणाऱ्या माझ्या आईनं ढवळीला उचललं आणि तिच्या चोचीचा वास घेतला.

"काय घातलंस?"

मी डबा आणला. झाकण काढलं तर वर पांढरी लव आलेली.

"कधी कालवलंस?"

"सप्तमीला."

"अय्यो देवरे," आई म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसली. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. बसला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तिचं दुसरं काय आहे गं ह्या घरात?"

मी रडायला लागले. पाच कोंबड्या मरणार, वहिनी उद्या येणार, परसात जाणार आणि मग माझ्याकडे बघणार. ती काही बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. ती फक्त मला 'वन्सं' म्हणेल, पण ते पहिल्यासारखं असणार नाही. तेरा वर्षांच्या आयुष्यात मला कशाची एवढी भीती वाटली नव्हती.

आईनं आधी भाताची पेज करून बघितली. एकीनंही चोच उघडली नाही. मग तिला तिच्या आईचा उपाय आठवला, की आंबलेल्या पोटाला भाजलेल्या रागीचं पीठ ताकात कालवून द्यायचं. पिठाचा डबा रिकामा होता, पाहुण्यांच्या मुद्द्यांत सगळं संपलेलं. गिरणीला हार घालून कुलूप. सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या दारात पीठ मागायला जाणं आईच्या स्वभावात नव्हतं. रागी मात्र पोतंभर होती. तिनं तवा टाकला, रागी भाजली आणि मग पदर खोचून देवापुढे जाऊन उभी राहिली.

मला वाटलं, नवस बोलतेय. ती बोलली ते असं, "आई, एवढं एक उठवते. पुढच्या वर्षी दुप्पट कुंकू लावीन."

आप्पा नुकतेच कारखान्यातून येऊन चुरमुरे खात बसले होते. ते म्हणाले, "अगं, नवमीला उठवतेस?"

"सून माझ्यावर सगळं टाकून गेलीय. देवीला कळतं. तुम्ही सुम्ने बसा."

आप्पा गप्प बसले. आईनं ओल्या फडक्यानं जात्यावरचं कुंकू पुसलं. फूल उचलून तलवारीपाशी ठेवलं. ज्या बाईनं आयुष्यात नवमीला विळी हातात धरली नाही, ती भर दुपारी जातं ओढायला बसली. घरघर अशी सुरू झाली की मला वाटलं शेजारीपाजारी धावत येतील. कोणी आलं नाही. सगळं म्हैसूर चाकं थांबवून बसलं होतं आणि आमच्या परसदारात एकच चाक फिरत होतं.

मग पाचीजणींना एकेक करून मी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मांडीवर धरायची आणि आई पळीनं ताकातलं पीठ, हळद, लसणाचा रस थेंब थेंब चोचीत सोडायची. मधेच गळ्याखालची पिशवी अंगठ्यानं हलके चोळायची. दिवेलागणीपर्यंत आम्ही तेवढंच करत होतो. ढवळीचं डोकं माझ्या मनगटावर पडलेलं होतं आणि त्याला काही वजनच नव्हतं.

दशमीच्या सकाळी मी डोळे उघडले ते पिंगीच्या ओरडण्यानं. तिनं अंडं घातलं नव्हतं, उगाच ओरडत होती. मी धावत गेले. चौघी माती उकरत होत्या. ढवळी भिंतीला टेकलेलीच होती, पण मी जवळ गेल्यावर तिनं माझ्या पायाच्या बोटाला चोच मारली, चांगली दुखेल अशी. माझा जीव भांड्यात पडला. आयुष्यात नंतर परीक्षा पास झाले, नोकरी लागली, मुलांचे ताप उतरले, पण सुटका म्हणजे काय ते मला त्या चोचीनं कळलं. आईनं पुन्हा थोडी रागी दळून त्यांना पातळ करून दिली, जातं धुतलं आणि मागच्या दाराशी भिंतीला तिरकं टेकवून वाळत ठेवलं.

आणि मग मला जवळ घेऊन म्हणाली, "हे तिला सांगायचं नाही. नवी आहे अजून. पहिल्याच वर्षी नणंदेच्या हातनं असं झालं हे तिच्या मनात बसायला नको. माझी शपथ आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी आनंदानं शपथ घेतली. मला दुसरं काय हवं होतं!

दुपारी वहिनी आली. चपलाही न काढता परसात गेली. कोंबड्या मोजल्या, ढवळीला उचललं, "जरा वाळलीय का हो?" म्हणाली. मी म्हटलं, तुमची आठवण काढत होती. ती हसली, वळली, आणि तिची नजर जात्यावर गेली. क्षणभर तिथंच थांबली. मला वाटलं, ओळखलं हिनं. पण ती तशीच आत गेली. आईनं तिच्या हातात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं ठेवली, ती आईच्या पाया पडली. संध्याकाळी आम्ही सगळे मशाली बघायला गेलो. मी सुटले होते.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते, म्हणून मला दिसलं नाही. पुढच्या नवमीला आईनं विचारलं, "जातं कुठंय गं?" वहिनी म्हणाली, "माळ्यावर टाकलं, आत्याबाई. गिरणी आहे की कोपऱ्यावर." आईनं विळी परत तिच्या जागी ठेवली. पुढं त्या दोघी एका छपराखाली तीसहून जास्त वर्षं राहिल्या. भांडण एकदाही नाही. लोक आम्हाला सांगायचे, सासूसून असाव्यात तर अशा. मला कधी कधी वाटायचं, एकदा तरी चांगलं कडाक्याचं भांडण व्हायला हवं होतं. शेवटच्या आजारात वहिनीनं आईचं सगळं केलं. आई भ्रमात असली की विचारायची, "घातलं का गं कोंबड्यांना?" परसातल्या कोंबड्या संपूनही तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. वहिनी म्हणायची, घातलं. तिला वाटायचं, म्हातारी काहीतरीच बरळतेय.

आणि मी? लग्न करून गावातल्या गावात गेले, टेलिफोनच्या नोकरीत रुळले, निवृत्त झाले. दर दसऱ्याला माहेरी यायचे आणि शपथ पाळायचे. आई गेल्यावरही पाळली. खरं सांगायचं तर शपथेचं नुसतं निमित्त होतं. वहिनी मला अजून 'वन्सं, तुम्ही' म्हणते, आणि ते मला जाऊ द्यायचं नव्हतं.

तर यंदा निशा हट्टाला पेटली. मी म्हटलं, "वहिनी, जातं काढू या का? भरड घरचीच बरी."

"ते जातं नको, वन्सं."

"का हो?"

तिच्या वाती चालूच होत्या. "आता काय, सगळे गेले. सांगते. माझा पहिला दसरा आठवतो? मी नंजनगूडहून आले. आत्याबाईंनी घरातल्या सगळ्या वस्तूंना कुंकू लावलं होतं. खुरप्याला होतं, ह्यांच्या सायकलला होतं. मोडक्या अडकित्त्याला पण होतं. माझ्या आईच्या जात्याला तेवढं नव्हतं. धुवून पुसून बाहेर ठेवलं होतं दाराशी." तिनं वात तेलात बुडवली. "परवागिल्ला, चालायचंच. जुनी गोष्ट. पण त्या दिवशी कळलं मला, की मी ह्या घरात बाहेरचीच."

पन्नास वर्षं मी समजत होते की माझं एक गुपित आहे आणि त्याचा त्रास असलाच तर मला आहे. त्या दशमीला मी सुटले होते खरी, पण तिच्या जिवावर सुटले होते. ती जात्यापुढे थांबली तेव्हा ती माझी चोरी बघत नव्हती, स्वतःची जागा बघत होती.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पण धड नाही. आधी गिरणीचं कुलूप, मग डबा, मग आप्पांचे चुरमुरे. निशा फोन हातात धरून उभी होती, तिला निम्मं कळलं नसेल. आई देवीला दुप्पट कुंकू कबूल करून बसली होती तेही सांगितलं. वहिनीच्या हातातली वात तशीच राहिली.

"तलवारीच्या शेजारी?" तिनं विचारलं.

"उजव्या हाताला."

"मधे?"

"मधे. विळीच्या जागी."

"आत्याबाईंनी स्वतः उचलून आणलं?"

"एकटीनं."

तिनं परत विचारलं, उजव्या हाताला? मी परत सांगितलं. मग ती एकदम माझ्याकडे वळली आणि डोळे मोठे करून म्हणाली, "आणि तुम्ही ओलं करून ठेवलंत! मी सांगून गेले होते ना, ओलं ठेवू नका म्हणून? अय्यो, माझ्या पाच कोंबड्या मारायला निघाला होतात तुम्ही!"

पन्नास वर्षं ज्यांची भीती वाटली ती बोलणी मी शेवटी खाल्ली. काय सांगू, किती बरं वाटलं! मी हसायला लागले, तीही हसायला लागली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडली. "एकदा म्हणायचं तरी," ती म्हणत होती. "एकदा तरी म्हणायचं." मग डोळे पुसून म्हणाली, "मी तरी कुठं विचारलं."

जातं जिन्याखाली होतं, जुन्या गाद्यांच्या मागे. निशानं आणि मी ते ओढून काढलं. अष्टमीला वहिनीनं रागी भाजली आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून भरड काढली. दोघींचेही गुडघे कुरकुरत होते. निशानं कालवलं. पहिला लाडू टोचल्यावरही तसाच राहिला. "पाणी जास्त," आम्ही दोघी एकदम म्हणालो. पुढच्या दोन दिवसांचं वहिनीनं कोरडं बांधून ठेवलं आणि डब्यावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. पोरगी गच्चीवर घमेलं घेऊन गेली, आणि वरून टकटक ऐकू आलं.

नवमीला वहिनीनं पूजा मांडली. तलवार मधे, उजव्या हाताला जातं. पाच बोटं कुंकवाची ओढली, फूल ठेवलं. मी हात जोडणार, तेवढ्यात तिनं कुंकवाचा करंडा माझ्यापुढे सरकवला.

"हे यंदाचं झालं," ती म्हणाली. "आत्याबाईंचं राहिलेलं तुम्ही लावा, वन्सं."

मी लावलं.